आधी कागद, मग बैल: जपानी शाईचित्रात प्राणी कसे रंगवावेत

जपानी शाईचित्र शिकायला बसलेला माणूस पहिल्याच दिवशी बहुतेक मांजर काढायला घेतो. पेन्सिलीने आकार, त्यावर शाईची रेघ आणि मग आत एकेक केस. चित्र अगदीच वाईट येतं असं नाही, पण मांजर खराट्यासारखं दिसतं. सुमी-ए नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत प्राण्याचं अंग पाण्याने उभं राहतं. कुंचल्यात पाणी किती आहे, कागद ते किती पितो आणि दुसरा फटकारा पहिला ओला असताना मारला की वाळल्यावर, या तीन गोष्टींतून पिसं, केस आणि कातडी तयार होतात. त्यातला कागदाचा भाग नवशिके विसरतात. म्हणून प्राणी मनात ठरला की कुंचला उचलण्याआधी त्याला कोणता कागद लागेल ते बघा. या लेखाची मांडणीही तशीच केली आहे: बेडूक कुठल्याही कागदावर, बैल खळ दिलेल्या कागदावर, कोंबडा शाई पिणाऱ्या कागदावर आणि वानर दोन्हींच्या मधल्या कागदावर.

सामान

शाईची कांडी, ती उगाळायला दगडी सहाण, दोन-तीन कुंचले, कागद, खाली घालायला लोकरी नमदा किंवा जुनं ब्लँकेट, पांढऱ्या बशा तीन, पाण्याची दोन भांडी आणि सुती फडकं. फडकं म्हणजे अर्धं तंत्र आहे, ते विसरू नका.

कांडी म्हणजे काजळी आणि सरस. जपानात ती मुख्यतः नारा शहरात बनते. तेलाच्या दिव्याची काजळी वापरली असेल तर काळा रंग किंचित तपकिरी, उबदार येतो. पाइनच्या लाकडाची असेल तर पातळ केल्यावर निळसर राखाडी दिसतो. प्राण्यांसाठी पहिली कांडी तेलकाजळीचीच घ्या. निळसर शाई धुक्यातल्या डोंगरांना शोभते, बैलाला नाही.

बाटलीतली तयार शाई सरावाला चालते. फाउंटन पेनची शाई मात्र घेऊ नका. तिच्यात काजळी नसते, रंगद्रव असतो. तो उन्हाने उडतो आणि पुढे चित्राला मागून कागद लावताना ओघळतो. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकमध्ये अनेकदा लाख असते, ती कुंचल्याच्या मुळाशी बसून त्याचा दगड करते.

कुंचल्यांत एक मध्यम जाडीचा हवा, पोटात पाणी धरणारा पण टोक न सोडणारा. बारीक रेघांसाठी एक सडपातळ. तिसरा जुना, टोक गेलेला, फेकून द्यायच्या लायकीचा. वानराच्या केसांना तोच लागणार आहे. नव्या कुंचल्याचे केस खळीने ताठ केलेले असतात, ते साध्या पाण्यात बोटांनी हळूहळू मोकळे करा. धुताना साबण लावू नका, मुळाशी अडकलेली शाई निघेपर्यंत पाण्यानेच धुवा आणि टोक जुळवून वाळवा.

शाई उगाळणं

सहाणेच्या सपाट भागावर पाण्याचे थोडे थेंब टाका आणि कांडी उभी किंवा किंचित कलती धरून गोल फिरवा. जोर लावायचा नाही. चंदन उगाळणाऱ्या हाताला हे सांगावं लागत नाही. जोर लावला की काजळीचे कण जाड राहतात आणि फिकट छटा मळकट येते. दहा-पंधरा मिनिटांत पाणी दाट होतं, कांडी फिरवल्यावर मागे सहाण क्षणभर उघडी दिसते, मग शाई सावकाश तिथे परत येते. एवढं झालं की पुरे.

कांडी लगेच पुसून बाजूला ठेवा. ओली कांडी सहाणेवर विसरलात तर चिकटून बसते आणि सोडवताना दगडाचा किंवा कांडीचा टवका उडतो. उरलेली शाई दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नका. तिच्यात सरस आहे, आपल्या हवेत तो कुजतो, वास मारतो आणि शाईची पकड जाते. पुढे कोंबड्याच्या वेळी हा मुद्दा नडतो.

तीन बशांत तीन छटा करा: गडद, मध्यम आणि फिकट. ओली शाई वाळल्यावर बरीच उतरते, त्यामुळे प्रत्येक छटा त्याच कागदाच्या तुकड्यावर लावून, वाळवून बघा. फिकट म्हणून जी छटा नवशिके करतात ती सहसा मध्यमच असते.

कागद आणि त्याची खळ

जपानी शाईचित्रासाठी गासेनशी नावाचा कागद वापरतात. त्याला खळ दिलेली नसते. शाईचा थेंब टाकला की तो लगेच पसरतो. याउलट दोसा दिलेला कागद थेंब वर तोलून धरतो. दोसा म्हणजे सरस आणि तुरटीचं पाणी. विकत मिळतो, पण घरी करणंही अवघड नाही. एक लिटर पाण्याला दहा-पंधरा ग्रॅम शुद्ध सरस (सुताराचा तपकिरी सरस नको, खाण्याचं जिलेटिन बरं) आणि त्याच्या निम्म्याहून थोडी कमी तुरटी. सरस थंड पाण्यात फुगवून मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवा. उकळला तर कमजोर होतो. थोडं निवल्यावर तुरटी घाला आणि रुंद चपट्या कुंचल्याने कागदावर एका दिशेने एकच हात मारा. तुरटी वाढवली तर कागद लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून ‘थोडी जास्त असू दे’ हा स्वयंपाकघरातला न्याय इथे लावू नका.

पावसाळ्यात, त्यातून कोकणात, दमटपणामुळे खळ जागोजाग निकामी होते आणि रंगवताना अचानक ठिपके उमटतात. खळीचा कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करून ठेवा.

साधा कार्ट्रिज किंवा ड्रॉइंग पेपर हाही खळीचाच कागद. बैलाच्या सरावाला तो चालून जाईल, कोंबड्याला अजिबात नाही.

बेडूक: नुसती रेघ

क्योतोच्या कोझान-जी मंदिराच्या मालकीची चार गुंडाळीचित्रं आहेत, चोजू-जिम्बुत्सु-गिगा. बाराव्या-तेराव्या शतकातली. त्यांतल्या पहिल्या गुंडाळीत बेडूक, ससे आणि माकडं माणसांसारखी पोहतात, धनुष्यबाणाची चुरस लावतात, कुस्ती खेळतात. रंग नाही, फक्त शाई. एका ठिकाणी बेडकाने सशाला चीतपट केलं आहे आणि बेडकाच्या तोंडातून निघालेला दम काही रेघांत दाखवला आहे. हात बसवायला याहून चांगला गुरू मला माहीत नाही.

कुंचला टेबलाला काटकोनात उभा धरा. कोपर टेबलावरून उचललेलं, मनगट स्थिर, हालचाल खांद्यातून. मध्यम शाई घ्या, फडक्यावर एकदा टेकवा. आधी डोळ्याचा फुगवटा, तिथून न उचलता कपाळ, पाठ आणि माकडहाडाचं टोक एका रेघेत. पाठीच्या मध्यावर किंचित दाबा, रेघ जाड होईल; टोकाकडे सोडा. मग तोंडाची लांब फट, घशाचा लोंबता भाग, पोट. पाय शेवटी, मांडी जाड आणि बोटं बारीक. रेघ थरथरली तर पुसायला जाऊ नका आणि वरून दुसरी रेघ तर मुळीच मारू नका. कागद बाजूला सारा आणि नवा घ्या. या चित्रात दुरुस्ती दिसते, चूक बऱ्याचदा दिसत नाही.

बेडकाची पाठ एका दमात यायला लागली की पुढे जा. भारतात जपानी कुंचल्याचं प्रत्यक्ष शिक्षण आलं तेही असंच हाताने हाताला. चित्रकार आराई काम्पो रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून 1916 मध्ये कलकत्त्यात आले, तिथल्या चित्रकारांना त्यांनी कुंचला धरायला शिकवलं आणि त्याच मुक्कामात ते अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला करत बसले.

बैल: ओल्यात ओलं

सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा चित्रकार तावाराया सोतात्सू याने शाईचे बैल रंगवले, ती जोडी क्योतोच्या चोम्यो-जी मंदिराची. त्यांत बाह्यरेषा शोधून सापडत नाही. फिकट शाईचं डबकं करायचं आणि ते ओलं असताना त्यात गडद शाई सोडायची, ही ताराशिकोमी नावाची युक्ती. शाई स्वतःच फिरते, कडेला साचते, मध्ये विरळ होते आणि त्यातून बैलाचं मांस तयार होतं. दोसा दिलेला कागद इथे सक्तीचा. बिनखळीच्या कागदावर डबकं टिकतच नाही.

पहिलं काम आखणी. जळक्या विलोच्या काडीने किंवा साध्या कोळशाने अगदी हलका आकार काढा, नंतर झटकला की जातो. आकार काढताना एक गोष्ट हाताला मुद्दाम सांगावी लागेल: जपानी बैलाला वशिंड नसतं. आपला हात पोळ्याच्या बैलांवर तयार झालेला, तो नकळत खांद्यावर उंचवटा देतोच. मान ते पाठ रेघ जवळजवळ सलग ठेवा, मान जाड, डोकं खाली. खिलार काढायचा असेल तर खुशाल काढा, पण ठरवून काढा.

आता अंगाचे भाग पाडा: डोकं, मान, खांदा, पोट, पुठ्ठा, पाय. दोन भागांच्या मध्ये केसाएवढी कोरी पट्टी सोडायची. गडद अंगात सांधे दाखवणारी रेघ म्हणजे हा उघडा राहिलेला कागद. फळी पूर्ण सपाट ठेवा. कललेली असेल तर सगळी शाई पोटाकडे वाहील.

खांद्यापासून सुरू करा. मध्यम कुंचला फिकट शाईने भरभरून घ्या आणि भाग रंगवा, इतकं की पृष्ठभाग चकाकला पाहिजे आणि शाई कागदावर किंचित उंच दिसली पाहिजे. लगेच दुसऱ्या कुंचल्याच्या टोकाने मध्यम शाईचे दोन-तीन थेंब सावली असेल तिथे सोडा, खांद्याच्या मागच्या कडेला, खालच्या बाजूला. टोक नुसतं टेकवायचं, ढवळायचं नाही. शाई पाय पसरत जाईल ते बघत बसा. उजेडाच्या जागी शाई साचली असं वाटलं तर साध्या पाण्याचा एक थेंब तिथे सोडा; तो शाईला कडेला ढकलतो आणि मधोमध फिकट जागा उरते.

सगळा खेळ चकाकी असेपर्यंतचा. ती मावळली की हात मागे. अर्धवट सुकलेल्या शाईत नवा थेंब टाकला की कडेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी किनार उमटते आणि ती जात नाही. हेअर ड्रायर लावू नका, वाऱ्याने डबकं एका बाजूला सरकतं. पंखाही बंद.

शेजारचा भाग लगेच रंगवायचा मोह होतो. तसं केलंत तर कोरी पट्टी ओलांडून शाई पलीकडे जाईल. खांद्यानंतर पुठ्ठा, मग डोकं, आणि ते वाळले की मान आणि पोट, असं एक सोडून एक जा. पायांना कमी पाणी. पूर्ण वाळल्यावर शिंगं आणि खूर गडद शाईने, डोळा बारीक कुंचल्याने, आणि शेपूट एका फटकाऱ्यात, कुंचला जवळजवळ कोरडा करून, टोकाला झटका देऊन.

प्रत्येक बैल वेगळा येतो. दोन सारखे काढता येत नाहीत आणि तसा हट्टही धरू नये. सोतात्सूचं कमळतळ्यातल्या पाणपक्ष्यांचं चित्र क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यात कमळाच्या पानांवर हीच युक्ती किती कमी वापरली आहे ते पाहण्यासारखं आहे. दोन थेंबांत भागत असेल तिथे पाच टाकायचे नाहीत.

कोंबडा: आपोआप उमटणारी पांढरी रेघ

इतो जाकुचू (1716–1800) हा क्योतोच्या निशिकी बाजारातल्या भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याचा थोरला मुलगा. त्याने अंगणात कोंबड्या पाळल्या आणि त्या न्याहाळून रंगवल्या. शाईचे कोंबडे रंगवताना तो गासेनशीच्या एका खोडीचा फायदा घ्यायचा. बिनखळीच्या कागदावर एक फटकारा मारला की त्यातलं पाणी आणि सरस काजळीच्या थोडं पुढे पसरतं. शेजारी दुसरा फटकारा मारला तर त्याची शाई त्या ओल्या किनारीत शिरत नाही आणि दोघांच्या मध्ये फिकट रेघ उरते. तिला सुजिमे-गाकी म्हणतात. माशाच्या खवल्यांना आणि शेवंतीच्या पाकळ्यांनाही जाकुचूने ती वापरली.

शाई ताजी उगाळलेली हवी आणि फार पातळ नको. शिळ्या शाईत सरसाची ताकद गेलेली असते आणि रेघ उमटत नाही. एका पिसाला एक फटकारा: टोक टेकवा, कुंचल्याचं पोट दाबा, उचला. पहिलं पीस ओलं असतानाच दुसरं त्याला चिकटून, किंचित चढवून मारा.

क्रम मात्र उलटा ठेवायचा. या कागदावर आधी मारलेला फटकारा वर दिसतो आणि नंतरचा त्याच्या खाली गेल्यासारखा. म्हणजे डोळ्यासमोर जे पीस सगळ्यांत वर आहे ते पहिलं. छातीची वरची रांग, मग तिच्याखालून डोकावणारी, अशा उतरत्या रांगा. तैलरंगात काम केलेल्यांना हे पचायला वेळ लागतो.

चोच, डोळा आणि तुरा मी पिसांच्या आधी काढतो, कारण नजर कुठे आहे हे ठरल्याशिवाय छाती किती फुगवायची ते कळत नाही. शेपटीची लांब पिसं सगळ्यांत शेवटी, गडद शाईने, उभं राहून, पूर्ण हात फिरवून. त्यात सुजिमेची नजाकत शोधू नका, तिथे जोर पाहिजे.

वानर: केस

तेराव्या शतकातला चिनी भिक्षू मु छी, जपानी लोक त्याला मोक्केई म्हणतात, त्याची कान्नोन (करुणेची बौद्ध देवता), बगळ्याएवढ्याच डौलाचा सारस आणि पिल्लाला कवटाळलेली गिबन (लांब हातांचं, बिनशेपटीचं वानर) आई अशी तीन चित्रं क्योतोच्या दाइतोकु-जी मंदिरात आहेत. हासेगावा तोहाकूने (1539–1610) त्यांवरून धडा घेऊन वाळक्या झाडावरची वानरं रंगवली, ती म्योशिन-जीच्या र्‍योसेन-आन या उपमंदिराची. गिबन जपानात राहतच नाही. जपानचं स्वतःचं माकड आखूड शेपटीचं, लाल तोंडाचं. त्याला चित्रात मान मिळवून दिला तो पुढे मोरी सोसेनने (1747–1821). तुम्ही कोणतंही घ्या, लांब हात हवे असतील तर गिबन.

कागद अर्धवट खळीचा घ्या, म्हणजे वरच्या दोसात आणखी तेवढंच पाणी घालून लावलेला. आधी फांदी, बोटांची जागा सोडून. फांदीला जुना कुंचला आडवा धरून, गडद पण कोरड्या शाईने, झपाट्याने ओढा. मध्ये मध्ये कागद दिसला पाहिजे. तोहाकूच्या फांद्या जवळजवळ राकट आहेत आणि त्यामुळेच शेजारची लव मऊ वाटते. तलवारबाज मियामोतो मुसाशीच्या खाटीक पक्ष्याच्या चित्रातही उभी वाळकी फांदी अशीच एका दमात गेली आहे. टोकावर पक्षी आणि खाली तिच्यावरून चढणारी अळी.

चेहऱ्याची जागा कोरी ठेवा. तिथे बारीक कुंचल्याने दोन डोळे, नाकपुड्या आणि तोंडाची छोटी रेघ. त्याहून जास्त काही नको. मग अंगावर भरपूर पाण्याची अगदी फिकट शाई फिरवा, कडा मुद्दाम ओबडधोबड सोडून.

आता थांबा. चकाकी जाऊ द्या, पण कागदाला हाताची पाठ लावली तर गार लागला पाहिजे. जुन्या कुंचल्यात मध्यम शाई घ्या, फडक्यावर दाबून निम्मी काढून टाका आणि बोटांनी केस चपटे करून फाकवा. एका फटकाऱ्यात पाच-सहा बारीक रेघा यायला हव्यात. डोक्यापासून बाहेर, खांद्यावरून खाली, पाठीच्या वळणाने, प्रत्येक फटकारा शेवटी उचलत. फटकारे फिकट अंगाची कड ओलांडून बाहेर गेले पाहिजेत. असं केलं की बाह्यरेषेची गरज उरत नाही. ओलसर जागी रेघा थोड्या विरघळतील, सुकलेल्या जागी धारदार राहतील. दोन्ही हवेत.

पूर्ण वाळल्यावर गडद शाईचा एक हात, तोही तीनच ठिकाणी: चेहऱ्यामागे मानेशी, काखेत आणि मांडीच्या घडीत. सगळीकडे गडद केस मारले की वानराचा काथ्या होतो. बोटं शेवटी, फांदीवर आवळलेली, दोन फटकाऱ्यांत एकेक.

वाघाबद्दल

वाघ सगळ्यांनाच काढायचा असतो. जपानात वाघ नव्हते. तिथल्या चित्रकारांनी बाहेरून आलेली कातडी, परदेशी चित्रं आणि घरची मांजरं पाहून वाघ रंगवले, म्हणून नागासावा रोसेत्सूने 1786 मध्ये कुशिमोतोच्या मुर्‍यो-जी मंदिराच्या सरकदारांवर काढलेला भलामोठा वाघ बघताना मांजराची आठवण होते आणि तरी तो भीती घालतो. आपल्याला ताडोबा जवळ आहे, वाघ पाहिला नाही ही सबब चालणार नाही. तंत्र वेगळं काही नाही: अंगाला वानराचे केस, पायांना बैलाची ओल, पट्टे अंग ओलसर असतानाच. सुकलेल्या अंगावर मारलेले पट्टे चिकटवल्यासारखे दिसतात. वानर जमेपर्यंत याच्या वाटेला जाऊ नका.

मागचा कागद आणि शिक्का

शाईने कागद आकसतो, सुरकुततो. चित्र काही दिवस वाळू द्या, मग पालथं घालून मागून पाण्याचा फवारा मारा आणि रुंद कुंचल्याने मधून कडांकडे सपाट करा. दुसऱ्या पातळ कागदाला गव्हाची खळ लावून तो मागे चिकटवा. खळीसाठी मैदा नको, त्यातल्या चिकट प्रथिनाला कीड लागते. कुरडयांसाठी काढतात तो गव्हाचा चीक दोनदा गाळून, निवळू देऊन, वरचं पाणी ओतून टाकून शिजवला आणि ताकाइतका पातळ केला की उत्तम काम होतं. बाटलीतली शाई वापरली असेल तर आधी एका कोपऱ्यावर पाणी मारून बघा, काही शाया या वेळी ओघळतात.

आपल्या नावाचा शिक्का सगळं वाळल्यावर. प्राणी ज्या दिशेला बघतो त्या बाजूची जागा मोकळी ठेवा. शिक्का त्याच्या पाठीमागे, खाली. नाकासमोर लाल चौकोन आला की नजर तिथेच अडकते. शिक्क्याची लाल शाई तेलकट असते आणि सावकाश सुकते, तोवर चित्र गुंडाळू नका, नाहीतर तिचा ठसा वरच्या कागदावर उमटेल.